हातमोजे

मालेगावच्या बाजारात मी मेथी घेत होतो, तेवढ्यात फोन आला: माझी ताई हृदयविकारानं गेली. ती एका संस्थेतर्फे वाशीमच्या वस्तीत देहविक्री करणाऱ्या बायकांना निरोध वाटायची, एचआयव्ही तपासणीला न्यायची. अन् ऐका, तिला शेवटची अंघोळ घालायच्या वेळी आमची सख्खी काकू म्हणते, "आधी हातमोजे आना. ताई तसल्या बायकांत जाये."

माझं डोकंच सणकलं. "काकू, ताईले तो रोग नव्हता!"

"कोन सांगन बाप्पा!"

तेव्हा वस्तीतली शांता पदर खोचून पुढं आली. "सरका काकू, मी घालतो अंघोळ. हात लावल्यानं तो रोग होत नाही, हे ताईनं आमाले शिकवलं. तुमाले आता कोन शिकवन?"

ताईच्या जागी संस्थेनं अजून कोणालाही नेमलेलं नाही.