सकाळची भवानी

मशीन बंद हाय, माय. न्हाई चालत. ते कार्ड पर्समधी ठेव आन् हात इकडं दे — डावा आधी. असा ताठ न्हाई धरायचा, ढिला सोड, ओल्या फडक्यावानी. सव्वादोनच्या मापाचा हात हाय तुझा, बघूनच सांगते, चाळीस वर्सं झाली मला ह्या पाथरीत बांगड्या भरायला, कडूबाईचं दुकान म्हणलं की रिक्षावाला पत्ता इचारत न्हाई. घड्याळ काढ. हिरव्याच भरते, ते चमकीचं तुला शोभणार न्हाई. काय म्हणायलीस? मशीन बघायचंय? बंद पडलेलं मशीन कुणी बघतं का — बांगड्या बघ. आन् गळ्यात ते काय अडकवलंस, कॉलेजचं? उलटं झालंय, हातात यायलंय, मागं टाक.

परमेश्वरनं आणून ठेवलंय ते. माझा पोरगा, परभणीला हापिसात हाय. म्हणला, आई, आता नोटा कोण धरतंय, कार्ड नुसतं टेकवायचं आन् पैसे जमा, आकडे दाबायचंबी काम न्हाई. म्हणलं, बाबा, मी बाईचा हात धरल्याबिगर धंदा करत न्हाई आन् तू मला न शिवता पैसे घ्यायला शिकवायलास. नोट आली की कसं — डोळ्याला लावायची, गल्ल्याला लावायची, मग आत. पहिल्या गिऱ्हाइकाची तर लावायचीच, भवानी असती ती. मशीनमधल्या पैशाला काय लावू मी? — हलू नको, वाढंल बांगडी. फुटंल म्हणत न्हाईत, वाढंल म्हणायचं.

कुठला हिरवा दिवा? हां, तो. तो जळतोच तसा. बंद असला तरी जळतो. — असं बघू नको माझ्याकडं. बरं, खरं सांगते. तू बाहेरगावची दिसतीस, दर्शनाला आली असशील, दुपारच्या गाडीनं जाशील, तुला सांगायला माझं काय जातंय. मशीनला कायबी झालेलं न्हाई. ठणठणीत हाय. मीच म्हणते बंद हाय म्हणून, सहा महिने झाले.

का म्हणजे? त्यानं मशीनसंगं मलाबी एक कार्ड दिलं. कार्ड माझं, मोबाईल नंबर त्याचा. पैसा आला की त्याच्याकडं वाजतं, गेला की वाजतं — किती गेला, कुठल्या दुकानात गेला, सगळं. मागं माल आणायला परभणीला गेल्ते. स्टेशनजवळ पावशेर जिलबी घेतली, कार्ड टेकवलं. पहिला घास तोंडात हाय, गिळलासुदिक न्हाई, तेवढ्यात फोन — आई, तुला शुगर हाय ना? त्याच्या बापानं जल्मभर मला इचारलं न्हाई काय खाल्लंस म्हणून, आन् ह्यो घासाघासाला इचारायलाय. वाईट न्हाई हां तो, लय जीव हाय माझ्यावर, गोळ्याबी तोच आणून देतो. पण नोट कशी, गेली की गेली. कुठं गेली ते कुणाला सांगत बसत न्हाई.

जिलबीपायी एवढं? न्हाई गं. जिलबी सोडली असती मी. — दुसरा हात दे. अंगठा आत घे, आसा. — झरीला माझी लेक हाय, सविता. तीन वर्सं झाली, भावाबहिणीचं बोलणं न्हाई. झालं काय, परमेश्वरच्या लेकीचं बारसं, आन् जावयाला टॉवेल-टोपी द्यायचं राहिलं. सगळ्या सोयऱ्यांसमोर राहिलं. जावई भरल्या ताटावरून उठला. ह्यो म्हणला, माझ्या घरात ताटावरून उठलास, आता उंबऱ्यात पाय ठेवू नको. तो म्हणला, कोण येतंय तुझ्याकडं. एका टॉवेलापायी, बघ. आन् टॉवेल कपाटातच होता, घडी घातलेला, वर टोपी. परमेश्वरनं आठ दिवस आधी आणून माझ्याकडं दिल्ता. म्हणला, आई, मानाचं तू बघ. गडबडीत मीच इसरले. त्याला वाटतंय मी तो त्याच्या बायकोकडं दिला आन् तिनं मुद्दाम दाबून ठेवला, तरी तिला बोलायचं सोडून तो जावयाशीच भांडला. मला त्याच येळी बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोलले. — तुला कशाला सांगायले मी हे? कुणाला सांगितलेलं न्हाई आजपर्यंत.

तर माल आणायचा म्हणून महिन्यातनं दोनदा परभणीला जाते आन् तिथनं झरीची गाडी धरते. लेकरू हाय सविताला, अडीच वर्साचं, मामानं तोंड बघितलेलं न्हाई त्याचं. रिकाम्या हातानं जावं का मी? एकदा तिथल्याच दुकानात त्याला झबलं घेतलं आन् सवयीनं कार्ड टेकवलं. झालं, फोन. आई, झरीत काय करायलीस? म्हणलं, गिऱ्हाइकाच्या बांगड्या पोचवायला आले. म्हणला, कपड्याच्या दुकानात? म्हणलं, दुकानदाराची बायकोच गिऱ्हाईक हाय. त्या दिवसापासनं मशीन बंद पडलं, गिऱ्हाईक नोटाच द्यायलं, त्याच मी झरीला खर्चते. त्याला कळलं तर जाऊ देणार न्हाई तो मला, लय मानी हाय. आन् ते लेकरू मला दारातनं बघून पळत येतं गं. तेच बंद झालं तर मी काय करू?

झाल्या. सहा-सहा, आन् एक वरची, ती माझ्याकडनं. नाव काय तुझं? निवेदिता. छान हाय. कुणाच्या घरी उतरलीस? — बँकेतनं? कुठल्या बँकेतनं? ते गळ्यातलं सुलटं कर बघू. चष्मा कुठं ठेवला मी… हां. म्हणजे परमेश्वरनं तक्रार केली, आन् तुला मशीन बघायला पाठवलं. आन् तू मघापासनं तेच सांगायलीस. अगं, मग गप का बसलीस — बरं, मीच बोलू दिलं न्हाई. हात धरून ठेवला.

बघ मग. तुझं काम हाय, तू तरी काय करशील. बांगड्यांच्या एकशेवीसचा आकडा टाकलास? टाक. दिसायलंच की, चालू हाय. आता काय, तू लिहिशील, त्याला कळंल, आन् — फोन कुणाचा? परमेश्वरचा? उचल, उचल. मी गप बसते.

ऐकलं मी. आतनं खराब हाय म्हणलीस. सामान मिळत न्हाई म्हणलीस. काही महिने नोटाच घ्याव्या लागतील म्हणलीस, तेबी इतक्या साध्या आवाजात. माय, माझ्यापायी खोटं बोललीस. ठेव ते मशीन तिथंच गल्ल्यावर, आन् जरा बस, पाणी पी. न्हाई, रडत न्हाई मी. बांगडीची धूळ असती.

पैसे? तुझ्याकडनं पैसे घेऊ मी आता? — पण थांब, फुकटबी जमत न्हाई. भवानी हाय तुझी, सकाळपासनं पहिलं गिऱ्हाईक तू. एक रुपया दे नुसता. तोबी न्हाई? एवढी मोठी पर्स आन् रुपया न्हाई? बरं, ते कार्डच दे. घेत न्हाई गं, नुसतं लावते आन् परत देते, भवानी झाल्यासारखं वाटतं. असं डोळ्याला… असं गल्ल्याला…

हे काय वाजलं?

मी कुठं काय दाबलं, गल्ल्याला लावलं नुसतं. — मशीनवर? तुझा आकडा तसाच होता? मग काढ की माघारी. गेले? एकशेवीस? म्हणजे तिकडं त्याच्या मोबाईलवर —

वाजायला लागला. तुझा का माझा? माझाच हाय. न्हाई, तू नको घेऊ, तुझी नोकरी जाईल. मागं बोलले न्हाई तेच लय झालं. — हॅलो. हां, परमेश्वर. हां, चालू झालं. त्या पोरीला काय म्हणू नको, मशीन बंद नव्हतंच कधी. ऊठ, तू जा गं आता, घड्याळ इसरू नको. — तुला न्हाई म्हणलं, परमेश्वर. तू थांब. खुर्चीवर बसलास का? बस आधी. मला त्या बारशाच्या टॉवेलाचं सांगायचंय.