नाटकात अडकलेली खाट

दुपारचे चार, चंद्रपूरचं एक नाट्यगृह. पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकून पडणाऱ्या धानोऱ्याकडच्या एका गावावरचं नाटक होतं. पडदा उघडायला अर्धा तास, आणि दिग्दर्शक एका प्राध्यापकाशी इंग्रजी पत्रकावरून भांडत होता: गाव खूप दूर आहे हे सांगायला 'फार्दर' लिहायचं की 'फर्दर'? मी बातमीसाठी गेलो होतो, गंमत ऐकत बसलो.

तेवढ्यात त्याच गावच्या सोमीबाई थेट रंगमंचावर चढल्या. "आमची खाट कुठी ठेवली?"

आजारी माणसाला झोपवून खांद्यावरून नाल्यापार न्यायची, बांबू बांधलेली ती गावाची एकुलती खाट. दोन दिवसांसाठी म्हणून नाटकवाल्यांनी नेली, त्याला महिना झाला होता.

"बाई, खरी खाट नसली तर तुमचं दुःख लोकांना कळेल कसं?" दिग्दर्शक म्हणाला.

"सुनेचे दिवस भरले. कळा आल्या तर तिले तुमच्या कागदावर झोपवून नेऊ काय?"

"अहो, ती खाट आणायला पार नाल्याच्या काठापर्यंत टेम्पो पाठवला होता आम्ही!"

"भाऊ, तुमी धरा तिकडून," बाई मला म्हणाल्या. मी वही खिशात घातली आणि विंगेतली खाट धरली. दिग्दर्शक ओरडत राहिला, आम्ही खाट प्रेक्षकांमधूनच बाहेर काढली.

त्या गावची रुग्णवाहिका आजही रस्ता नाही म्हणून डांबरी सडकेवरच थांबते. टेम्पोला सापडलेला रस्ता तिला का सापडत नाही, हे मी तीनदा छापून विचारलंय. उत्तर आलेलं नाही.