क्लाइव्हने जोडलेली गाडी

क्लाइव्हने वर्षभर घरच्या गॅरेजात खपून सुट्या भागांतून गाडी जोडली होती आणि आज तिची सरकारी तपासणी होती. रांगेत मागे उभ्या बर्नार्डने कान टवकारले, कारण क्लाइव्हची बायको मॅरियन फॉर्म मोठ्याने वाचत होती.

"इंजिन जुन्या गाडीतलं, असं लिहिलंयस. हा नंबर तर बाबांच्या गाडीचा आहे."

"असेल."

"असेल काय? स्पेनला जाताना त्यांनी ती आपल्याकडे सांभाळायला ठेवली होती."

"सांभाळलीच की. चाकंसुद्धा तिचीच लावलीत."

"आणि बाकीची गाडी?"

"भंगारात."

"क्लाइव्ह, बाबा रविवारी गाडी न्यायला येतायत."

"म्हणून तर रंग तोच दिलाय."

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. "ही गाडी कोणाची?"

"माझ्या बाबांची," मॅरियन म्हणाली.