ट्रॅक्टरमागची बोट

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. नव्वद सालच्या आसपास जालन्याच्या एका शेठजींनी तलावात फिरायला हौसेनं मोटारबोट घेतली. ती ट्रॉलीवर चढवून जीपमागं जोडली, तेव्हा ड्रायव्हर किसनमामा म्हणाले, “जीप हिला ओढंल, पण उतारावर थांबवणार न्हाई. ट्रॅक्टर बोलवा.”

“ट्रॅक्टरमागं बोट? लोक हसतील. नारळ फोडलाय, चला.”

“नारळ ब्रेक लावत न्हाई, शेठजी.”

तरी निघालो, मीही बसलो होतो. वाटूरच्या अलीकडं उतारावर समोर माणसांनी भरलेली बैलगाडी आली. मामांनी ब्रेक दाबला, बोट मात्र जीपला ढकलतच राहिली. त्यांनी जीप सरळ नांगरलेल्या शेतात घातली.

शेवटी ट्रॅक्टर आला. आधी जीप निघाली, मग बोट. बैलगाडीतली माणसं लेकरांना पोटाशी धरून बघत होती. शेठजींनी मान वर केली नाही.