भूमचा खवा आणि गाडीतला हीटर

अरे, हीटरवरून आठवलं! आमच्या जुन्या जर्मन गाडीचं हवेवर थंड होणारं इंजिन करीम मिस्त्रीनं नव्यानं बांधलं. फक्त सायलेन्सरच्या नळ्या निवडायच्या राहिल्या. साध्या घ्यायच्या, की गाडीत गरम हवा सोडणाऱ्या, पत्र्याचं कवच असलेल्या?

"कवचाच्याच!" मी म्हणालो. "मूळ गाडीला होत्या!"

"मे महिन्यात उस्मानाबादेत हीटर?" करीम म्हणाला. "दिमाग ठिकाणावर हाय का, मालक?"

पण लावल्या! पहिल्याच फेरीला मी आणि करीम भूमला गेलो, बहिणीच्या लग्नातल्या पेढ्यांसाठी खवा आणायला. फडकं बांधलेलं पातेलं पायाशी ठेवलं. येताना गाडी काय पळाली म्हणून सांगू! मग पाय भाजायला लागले. हीटर चालूच राहिला होता; बंद करायला मूठ फिरवली, तर ती हातातच आली.

"जळक्या ऑइलचा वास येतोय रे!"

"नवीन इंजिन हाय, येणारच."

घरी आचाऱ्यानं फडकं सोडून खवा चाखला. "वा! तूप सुटलंय की. भाजायचं निम्मं काम झालं."

मी ऐटीत करीमकडं बघितलं.

आचारी म्हणाला, "पर वेलदोड्याच्या जागी ऑइल कुणी घातलंय?"