अच्युतरावांनी सर्वांना केलेली मनाई

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आज एकच प्रश्न — दुसऱ्याला दार बंद करणारा माणूस स्वतः कुठे उभा असतो? आत की बाहेर? मागचे काका म्हणतात, आत! बरं काका, बघू हं.

एका तालुक्याच्या गावी वाचनालय. ग्रंथपाल अच्युतराव भागवत. माणूस सज्जन, पण संशयी! चहा समोर आला की आधी कपात डोकावणार — कोणी घोट घेतला नाही ना? हसताय काय? तुमच्याही घरी आहे असा एक! त्या वाचनालयात एक कॉम्प्युटर. आणि त्यात अकरा वर्षांचं पुण्य — अंध मुलांसाठी गावकऱ्यांनी मोठ्याने वाचून आवाजात भरून ठेवलेली सहाशे पुस्तकं!

एकदा कोणाच्या तरी हातून एक पुस्तक पुसलं गेलं. झालं! अच्युतराव खवळले. "आता हात लावून दाखवाच!" पुस्तकांच्या फोल्डरच्या परवानग्या उघडल्या, 'सर्वजण' अशी ओळ घातली, आणि तिच्यापुढे सगळे नकार! बघायचं नाही, ऐकायचं नाही, बदलायचं नाही. मिशीवर ताव दिला आणि घरी जाऊन जेवले.

शनिवारी सकाळी सुलक्षणा लोखंडे आली. जन्मापासून अंध. सोमवारी तिची शिक्षिकेच्या नोकरीची परीक्षा — वयाच्या अटीमुळे शेवटची संधी! "काका, इतिहासाचं पुस्तक लावता?" काका फोल्डर उघडायला गेले. कॉम्प्युटर म्हणतो — आपल्याला परवानगी नाही.

"मला? अरे, मीच तर बंद केलंय!" पुन्हा दाबलं. परवानगी नाही! अहो, कपाळाला घाम! दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सगळं पुसून नव्याने भरू." पुसून! अकरा वर्षं पुसून!

सुलक्षणा म्हणाली, "काका, मी बघू का?"

"बाळ, तुला दिसत नाही. चुकून भलतंच दाबशील."

ऐकलंत? ज्याला दिसतं त्याने काय दाबून ठेवलंय, ते बघा की आधी!

पोरगी हलली नाही. "पेपर माझा आहे, काका, तुमचा नाही. सरका!"

सरकले बिचारे! तिने दोन-तीन कळा दाबल्या आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय त्यातच असते — अकरा वर्षांत यांना पत्ता नाही! माऊसला हात नाही. कळ दाबते, कान देते. एकदम थांबली, आणि हसली.

"काका, नकार कोणाला दिलाय?"

"सर्वांना!"

"आणि तुम्ही कोण?"

मंडळी, सर्वांत आपणही आलो, हे त्या शहाण्याला सुचलंच नव्हतं हो!

"घाबरू नका," ती म्हणाली. "मालक म्हणून अजून तुमचंच नाव आहे. मालकाला फाईल उघडता आली नाही, तरी परवानगी बदलता येते." नकाराची ओळ काढली. तिथे नवी घातली — सर्वांना ऐकायची मुभा, पुसायची नाही. फोल्डरमधल्या एकूण एक पुस्तकाला लागू! आणि खोलीत आवाज घुमला — "इतिहास. प्रकरण पहिलं." कोणाचा आवाज? अच्युतरावांचाच! त्यांनीच वाचलेलं पुस्तक! म्हातारा खुर्चीत बसून ढसाढसा रडला. वाजवा रे मृदुंग!

परीक्षा झाली, निकाल लागला — सुलक्षणा जिल्ह्यात तिसरी! पेढे घेऊन आली, तर अच्युतराव म्हणाले, "थांब, पेढा नंतर." तिलाच विचारून विचारून त्यांनी परवानग्यांच्या यादीत आपल्या नावाखाली तिचं नाव घातलं. पूर्ण अधिकार!

आता माझ्याकडे काय बघताय? स्वतःकडे बघा! सुनेला, म्हाताऱ्या बापाला, हातापायाने अधू भावाला — "तुला जमायचं नाही" म्हणून किती वर्षं नकार घालून ठेवलाय? तो काढायला कोणी दुरुस्तीवाला येणार नाही. तुम्हीच घातलाय, तुम्हीच काढा! ज्याने आजच्या आज काढायचं ठरवलं असेल, त्यानेच देवाच्या नावाने टाळी वाजवावी. हं — वाजवा बघू, कोणाकोणाची वाजते!