शिगेकोआजींचा हेडफोन

माणसाने अखेर आवाजावर विजय मिळवला, हे ओसाकातल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात सिद्ध झालं. साक्षीदार नागासे यांचा गाल सुजलेला होता. शेजारी दोन आज्या बसल्या होत्या. त्यांपैकी शिगेको ओकुदांच्या हातात नातवाचा मासेमारीचा व्हिडिओ गेम होता, कानांवर त्याचाच बिनतारी हेडफोन.

“शिगेको, मासा गळाला लागलेला ऐकू येतो का गं?”

“पाणी खळाळतंय, बेडूक ओरडतायत! आणि आतलं ते मेलं ड्रिल एकदम गप्प. काय वस्तू केलीय, किनुयो!”

“मला दे बघू.”

“इतक्यात नाही.”

“ओकुदा-सान, आत या,” नर्सने हाक मारली.

“अगं, तुझा नंबर!”

“कोकीळसुद्धा आहे गं!”

“ओकुदा-सान!”

“दोनदा पळून गेलीस इथून. आज तरी ऊठ!”

“काय म्हणतेस? काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बनवणाऱ्याचे पाय धरावेत!”

“बरं, मग नागासे-सान, तुम्ही या.”

नागासे उठले. “फार दुखतं का हो?” त्यांनी नर्सला हळूच विचारलं.

“छे हो, मुंगी चावल्यासारखं,” शिगेकोआजी म्हणाल्या. “ही लिंबाची गोळी ठेवा, नंतर खा.”

हेडफोनचा दिवा मुळात लागलेलाच नव्हता.